घरी गाडीचा मेंटेनन्स करायचाय? आधी मोजायची हत्यारं घ्या (टॉर्क रेंच आणि सोबतच्या मंडळींचा रिव्ह्यू)

घरच्या घरी गाडीची कामं करायची असं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी पान्यांची मोठी पेटी घेतात, चकचकीत गोट्या (सॉकेट), रॅचेट, स्क्रू ड्रायव्हरची ढीगभर टोकं, झाकण उघडलं की एकदम भारी वाटतं. त्यात वाईट काही नाही, लागतंच ते. पण इतकी वर्षं हे सगळं वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय की खोलायची हत्यारं मध्यम दर्जाची असली तरी चालून जातं, गाडीला वाचवतात ती मोजायची हत्यारं. नट किती आवळला गेला, टायरमध्ये हवा किती आहे, बॅटरी किती व्होल्ट दाखवतेय, इंजिनच्या कॉम्प्युटरची तक्रार काय आहे, हे आकडे समोर नसतील तर तुम्ही गाडी दुरुस्त करत नाही आहात, फक्त पार्ट बदलताय आणि नशिबावर सोडताय.

म्हणून हा रिव्ह्यू फक्त मोजायच्या हत्यारांचा. टॉर्क रेंचवर, म्हणजे नट किती जोरानं आवळला जातोय ते मोजणाऱ्या पान्यावर, सगळ्यात जास्त लिहिणारे कारण गैरसमजही त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त आहेत. कंपन्यांची नावं मुद्दामच घेत नाही, काय बघून घ्यायचं हे एकदा कळलं की ब्रँड तुमचा तुम्ही निवडाल.

माझ्याकडचा टॉर्क रेंच अर्धा इंच ड्राइव्हचा (ड्राइव्ह म्हणजे गोटी बसवायचा चौकोनी खुंट), क्लिक टाइप, म्हणजे ठरवलेल्या जोराला कट्ट वाजणारा, रेंज २८ ते २१० न्यूटन मीटर (हे आवळायच्या जोराचं माप). लांबीला साधारण अर्धा मीटर, हातात घेतला की वजन जाणवतं, मुठीला खरखरीत खाचा आहेत त्यामुळे तेलकट हातातूनही सटकत नाही. सेटिंग कसं करायचं तर मुठीच्या टोकाची गोल चकती सैल करायची, मूठ फिरवायची, दांड्यावर कोरलेल्या पट्टीवर मोठा आकडा आणि मुठीच्या कडेवर बारीक आकडा, दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचं सेटिंग, मग चकती परत आवळून टाकायची म्हणजे काम करताना मूठ फिरणार नाही. माझी एक तक्रार इथंच आहे, कोरलेल्या आकड्यांमधला रंग पातळ आहे आणि संध्याकाळच्या उजेडात आकडा वाचायला डोळे बारीक करावे लागतात. पांढरा ऑइल पेंट आकड्यांवर फासून वरचा वर लगेच फडक्यानं पुसून घेतला, खाचांमध्ये रंग बसला, आता एकदम स्वच्छ दिसतं. नवीन घेताना आकडे किती ठळक आहेत हे नक्की बघा, रेंच कितीही अचूक असला तरी आकडा चुकीचा वाचला तर काय उपयोग.

आत काय चालतं ते समजून घेतलं की वापर आपोआप नीट होतो. दांड्याच्या आत एक जाड स्प्रिंग असते, स्प्रिंगच्या पुढं एक छोटा ठोकळा, आणि त्या ठोकळ्यावर टेकलेलं रेंचचं डोकं. मूठ फिरवली की स्प्रिंग दबते. नटवरचा जोर स्प्रिंगच्या जोराच्या वर गेला की ठोकळा कलंडतो आणि डोक्याची शेपटी नळीच्या आतल्या बाजूला आपटते, तोच तो कट्ट आवाज, आणि त्याच क्षणी मनगटाला एक छोटा झटका जाणवतो, हात जरासा मोकळा पुढं जातो. बस्स, थांबायचं. आवाज आला म्हणजे रेंच आपोआप सुटला असं काही नसतं हां, तो फक्त सांगतो, तुम्ही दाबतच राहिलात तर नट पुढं आवळला जाणारच. खूप जण "खात्री" म्हणून दोन-तीन वेळा कट्ट कट्ट करतात, प्रत्येक वेळी नट थोडा आणखी आवळला जाऊ शकतो, एकदा वाजलं म्हणजे झालं. आणि जोर एका लयीत, सावकाश लावायचा, हिसका मारला तर आकड्याला अर्थ राहत नाही.

अचूकपणाबद्दल सांगायचं तर या प्रकारच्या रेंचसाठी आयएसओ ६७८९ नावाचं स्टँडर्ड आहे, १० न्यूटन मीटरच्या वरच्या क्लिक रेंचला त्यात अधिक-उणे ४ टक्के इतकीच सूट आहे. चांगल्या रेंचसोबत त्याच्या स्वतःच्या सीरियल नंबरचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकपणा तपासल्याचा, कागद येतो, तीन जागी मोजलेले आकडे त्यावर छापलेले असतात. तो कागद असलेलाच रेंच घ्या, माझा हा एकच हट्ट आहे. रोज वापरात असेल तर वर्षानं किंवा ५००० वेळा वापरल्यावर परत तपासून घ्यावा असं धरतात, घरी आपण तेवढा कुठला वापरतोय, पण रेंच जमिनीवर जोरात आदळला तर मात्र तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नका. घरी ढोबळ तपासणी करता येते, चौकोनी ड्राइव्ह व्हाइसमध्ये (शिकंज्यात) घट्ट धरायचा, रेंच आडवा ठेवायचा, ड्राइव्हच्या मध्यापासून ४० सेंटिमीटरवर मुठीला माहितीतलं २० किलो वजन टांगायचं. २० गुणिले ९.८१ गुणिले ०.४ म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर न्यूटन मीटर, त्यात रेंचच्या स्वतःच्या वजनाचे दोन-तीन धरा. सेटिंग ७५ वर असेल तर वाजायला पाहिजे आणि ८८ वर ठेवलं तर वाजायला नको. लॅबची सर येणार नाही, पण रेंच पार बिघडलेला असेल तर एवढ्यात लगेच कळतं.

अजून एक, काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचं म्हणजे स्प्रिंग दबून राहत नाही, पण त्याच्याही खाली सोडायचं नाही. आणि या रेंचनं गंजलेले नट सोडवायचे नाहीत, नाही म्हणजे नाही, त्यासाठी लांब दांड्याचा साधा पाना ठेवा. मुठीला पाइप लावून वापरणं हा तर रेंचचा खून आहे.

आता हे सगळं कशासाठी? बोल्ट आवळतो तेव्हा तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून राहतात. आपण लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के जोर घर्षणातच जातो, नटाच्या बुडाखाली आणि आट्यांमध्ये, ताणायला उरतो तो जेमतेम १० टक्के. म्हणून आट्यांना तेल-ग्रीस लागलेलं असेल तर घर्षण कमी होतं आणि त्याच सेटिंगवर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तकातला आकडा बहुतेक वेळा स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो, तेल लावायचं असेल तर पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. चाकाच्या नटांना "गंजू नये म्हणून" ग्रीस लावणारे बरेच बघितलेत, ते करू नका, वायर ब्रशनं आटे साफ करा तेवढं पुरे.

चाकाच्या नटांचा आकडा बऱ्याचशा छोट्या-मध्यम गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, मोठ्या गाड्यांना त्याहून जास्त, पण माझ्या या वाक्यावर जाऊ नका, तुमच्या गाडीचं पुस्तक उघडा. पुस्तकात किलोग्रॅम-मीटरमध्ये दिलं असेल तर ९.८१ नं गुणा, फूट-पाउंडमध्ये असेल तर १.३५६ नं. पद्धत अशी की आधी सगळे नट हातानं फिरवून बसवायचे, मग पान्यानं हलके टेकवायचे, गाडी जॅकवरून उतरवून टायर जमिनीला टेकला की मग समोरासमोरचे नट धरत टॉर्क रेंचनं शेवटचं आवळायचं, आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत एकदा तपासायचं, अलॉय व्हील असेल तर विसरूच नका. एका गॅरेजमधून चाकं अदलाबदल करून आणली तेव्हा घरी तपासायला म्हणून नट सोडवायला गेलो तर मशीननं इतके गच्च मारलेले की साध्या पान्यावर पूर्ण अंगाचा भार टाकला तरी हलेनात, रस्त्यात पंक्चर झालं असतं आणि गाडीतला तो छोटा पाना घेऊन कुणी बिचारं बसलं असतं तर काय केलं असतं हा विचार करून आजही राग येतो. आणि नट कमी-जास्त आवळलेले असले की ब्रेकच्या डिस्कवर एकसारखा दाब राहत नाही, ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरतं त्यामागं कधीकधी हेही कारण निघतं.

दुसरी जागा म्हणजे ऑइल बदलताना चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर बोल्ट जास्त आवळला की आटेच जातात आणि मग साध्या ऑइल बदलीचं काम केवढ्याला पडतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच माहीत. इथला आकडा बऱ्याच गाड्यांना २५ ते ४० न्यूटन मीटरमध्ये असतो, चाकाच्या तुलनेत किती कमी आहे बघा, आणि हातानं आवळणारा माणूस हमखास याच्या वर जातो. वॉशर दर वेळी नवीन टाका, तो चेपून सील होण्यासाठीच बनवलेला असतो. ऑइल फिल्टरला मात्र बहुतेक वेळा रेंचची गरज नसते, स्पिन-ऑन (अख्खा डबाच फिरवून बसवायचा) फिल्टर असेल तर रबराला नवीन ऑइलचं बोट फिरवायचं, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवायचं आणि तिथून साधारण पाऊण फेरा, फिल्टरच्या डब्यावरच लिहिलेलं असतं. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना हे बोट फिरवून बघायचं, दोन रबरं एकावर एक बसली तर इंजिन चालू केल्या केल्या सगळं ऑइल जमिनीवर.

स्पार्क प्लगसाठी अर्ध्या इंचाचा रेंच चालत नाही, आणि इथंच बरेच जण फसतात. प्लगचा आकडा कित्येक गाड्यांना १५ ते २५ च्या घरात असतो आणि माझ्या रेंचची रेंज सुरूच होते २८ पासून. शिवाय रेंजच्या अगदी खालच्या टोकाला कुठलाच क्लिक रेंच फार भरवशाचा नसतो. त्यामुळे मी नंतर पाव इंच ड्राइव्हचा ५ ते २५ वाला छोटा रेंच घेतला आणि खरं सांगतो, बोनेटखालच्या कामांना तोच जास्त हातात असतो. त्याचा आवाज मात्र बारीक आहे, शेजारी इंजिन किंवा पंखा चालू असेल तर ऐकूच येत नाही, मनगटाला येणाऱ्या झटक्यावर लक्ष ठेवावं लागतं. छोटा रेंच नसेल तर वॉशरवाला नवीन प्लग हातानं टेकवल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आणि टेपर सीटवाला (वॉशर नसलेला, निमुळत्या कडेवर बसणारा) फक्त एक सोळांश फेरा, हा ढोबळ नियम आहे. प्लग बसवताना पहिले फेरे बोटांनीच, रबरी नळीच्या तुकड्यात प्लग खोचून फिरवला तर आटे तिरपे बसायला लागले की नळी नुसती घसरते, इंजिनच्या हेडमधले आटे वाचतात.

डिजिटल घ्यावा का क्लिक? डिजिटलमध्ये आकडा मोठा दिसतो, बझर वाजतो, कोन मोजता येतो, इंजिन खोलणाऱ्यांना ते लागतं कारण हेड बोल्ट बऱ्याचदा टॉर्क अधिक कोन असे आवळतात. रुटीन मेंटेनन्सला गरज नाही, सेल संपलेला असणं हे एक नवीन दुखणं मागं लागतं. काट्याचा, म्हणजे साधा वाकणारा बीमवाला रेंच पण असतो, दिसायला जुनाट, पण त्यात बिघडण्यासारखं काहीच नाही, काटा शून्यावर आहे ना एवढं बघायचं. बजेट कमी असेल तर संशयास्पद क्लिक रेंचपेक्षा चांगला बीम रेंच घ्या असं मी कुणालाही सांगेन.

टायर गेजबद्दल थोडक्यात. पेनसारखा पट्टी बाहेर येणारा, घड्याळासारख्या डायलचा आणि डिजिटल, तिन्ही वापरून झाले. डायलचा ठेवलाय, त्याला रबरी नळी आहे आणि हवा सोडायचं बटण आहे, व्हॉल्व्हवर लावल्या लावल्या काटा जागेवर थांबतो आणि काढल्यावरही आकडा धरून ठेवतो, त्यामुळे मागच्या चाकापाशी वाकून वाचत बसावं लागत नाही. हवा टायर थंड असतानाच बघायची, म्हणजे गाडी निदान ३ तास उभी असलेली. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक तोच भरतात. तापमान ५-६ अंशांनी बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे ऋतू बदलला की कुणी हवा काढली नसतानाही आकडा बदललेला दिसणार. स्टेपनीची हवा बघायला विसरू नका, लागते तेव्हाच ती बसलेली निघते. सोबत टायरची खोली मोजायचं छोटं गेज घेऊन टाका. नवीन टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते आणि पुष्कळ देशांत कायद्यानं किमान १.६ लागते. पण नुसतं एका जागी मोजू नका, आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तिन्ही जागी मोजा. मध्येच जास्त घासलाय तर हवा जास्त राहतेय, दोन्ही कडा घासल्यात तर हवा कमी, एकच कड घासलीये तर अलाइनमेंट. वरून टायर ठीकठाक दिसतो आणि आतली कड तारेपर्यंत गेलेली असते, ती गाडीखाली डोकं घातल्याशिवाय किंवा गेज लावल्याशिवाय दिसत नाही.

मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर, हे माझं दुसरं आवडतं हत्यार. फार महागडा नको, पण डीसी करंटला १० अँपिअरची फ्यूज असलेली सोय हवी आणि वायरी मऊ हव्यात, माझ्या पहिल्या मीटरच्या वायरी इतक्या कडक होत्या की प्रोब सोडला की मीटरच ओढला जायचा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळपास पाव. गाडी आत्ताच बंद केली असेल तर आकडा फुगलेला येतो, काही तास थांबा. हे सगळे करतात, पण खरी मजा त्याच्या पुढं आहे. मीटर बॅटरीला लावून ठेवा, तो समोरून दिसेल असा काचेवर टेकवा, आणि सेल्फ मारा. आकडा खाली जातो, एक क्षण थांबतो आणि इंजिन चालू झालं की वर उसळतो. खाली जाताना ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलीये, मग उभी असताना १२.५ दाखवत असली तरी. वर उसळून बऱ्याच गाड्यांमध्ये १३.८ ते १४.४ ला स्थिरावतो, म्हणजे अल्टरनेटर नीट चार्ज करतोय, नवीन गाड्यांमध्ये कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो म्हणून आकडा हलता दिसू शकतो, लगेच अल्टरनेटर खराब म्हणू नका. एवढ्या दोन मिनिटांच्या तपासणीत बॅटरी का अल्टरनेटर हा प्रश्न बहुतेक वेळा सुटतो, आणि लोक मात्र आधी नवीन बॅटरी घालतात, चार दिवसांनी तीही बसते आणि मग कळतं की चार्जिंगच होत नव्हतं.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरतेय अशी तक्रार असेल तर करंट मोजायचा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मध्ये मीटर, लाल प्रोबची वायर १० अँपिअरच्या भोकात. दारं लॉक करून गाडीतले सगळे कॉम्प्युटर झोपेपर्यंत वाट बघायची, काही गाड्यांना अर्धा तास लागतो. त्यानंतर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक, त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत आकडा कधी पडतो ते बघत जायचं. मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, सेल्फला शेकडो अँपिअर लागतात, फ्यूज जागच्या जागी उडेल. आणि मोजून झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट बघायला प्रोब बॅटरीला लावाल आणि थेट शॉर्ट होईल. बॅटरीच्या वायरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे लाल टोकाला पाना लावलेला असताना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही.

ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेल्या तक्रारींचे कोड वाचणारं हत्यार. स्टेअरिंगच्या खाली १६ पिनांचं सॉकेट असतं, तिथं ब्लूटूथचं छोटं यंत्र लावायचं आणि मोबाइलवर ॲप, किंवा हातात धरायचा वायरवाला रीडर. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना हे सक्तीचं आहे, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, बाकीकडं त्याच्या मागेपुढे. मी दोन्ही प्रकार वापरतो आणि नवीन माणसाला वायरवालाच सुचवेन, फोनशी जोडणी तुटत नाही, गाडीत विसरून राहत नाही. ब्लूटूथवालं कायम लावून ठेवलं तर काही गाड्यांमध्ये रोज थोडी थोडी बॅटरी खात राहतं. स्वस्तातली नक्कल असेल तर काही गाड्यांशी बोलतच नाही, तेव्हा परत करता येईल अशा ठिकाणाहून घ्या.

स्कॅनरबद्दल एक गोष्ट जिवाच्या आकांतानं सांगायची आहे, कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०१७१ आला म्हणजे कॉम्प्युटर फक्त एवढंच म्हणतोय की मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त पडतेय, कारण मात्र फाटलेला हवेचा पाइप असू शकतो, घाण झालेला एअरफ्लो सेन्सर असू शकतो, पेट्रोलचा दाब कमी असू शकतो. पी ०४२० आला, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीसं दिसतंय, की लोक लगेच तो महागडा कन्व्हर्टर बदलायला निघतात, आणि निघतो गळका सायलेन्सर किंवा म्हातारा ऑक्सिजन सेन्सर. म्हणून फक्त कोड दाखवणारा घेऊ नका, चालू आकडे आणि फ्रीझ फ्रेम दाखवणारा घ्या. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड आला त्या क्षणी इंजिन किती आरपीएमवर होतं, किती गरम होतं, वेग किती होता याची नोंद, इंजिन थंड असताना कोड येतोय का चढावर, हे त्यातून कळतं. चालू आकड्यांमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघायची सवय लावा, ती अधिक १० टक्क्यांच्या वर किंवा उणे १० च्या खाली जाऊन बसली असेल तर दिवा लागायच्या आधीच काहीतरी बिघडायला लागलंय. आणि कोड पुसायचं बटण दिसलं म्हणून दाबू नका, आधी लिहून ठेवा किंवा फोटो काढा, पुसलं की फ्रीझ फ्रेमही जाते आणि कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या शून्यापासून सुरू होतात, अशी गाडी मेकॅनिककडे नेली तर तो तरी काय बघणार. साधे स्कॅनर एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचत नाहीत, घेण्याआधी विचारून घ्या. एअरबॅग, एसीचा गॅस आणि हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी जाड वायरी यांना घरी हात लावायचा नाही, कोड वाचता आला तरी.

ब्रेक ऑइल तपासायचं पेन, टोकाला दोन पिना आणि वर हिरवे-पिवळे-लाल दिवे. हे हत्यार मला आवडलं नाही. ते ऑइलमधून वीज किती जाते यावरून ऑइलनं शोषलेल्या पाण्याचा अंदाज बांधतं, पण वेगवेगळ्या ऑइलची वीज वाहायची क्षमताच वेगवेगळी असते, त्यामुळे हिरवा दिवा बघून निर्धास्त होण्यात धोका आहे. शिवाय आपण बुडवतो वरच्या डबीत आणि सगळ्यात जास्त तापतं ते खाली चाकापाशी. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवीन असताना निदान २३० अंशांना उकळतं आणि ३.७ टक्के पाणी शोषलं की ती मर्यादा १५५ वर येते, डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला आणि ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, पेडल थेट खाली जातं. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला तीन रंगांच्या दिव्यावर कशाला सोडायचं, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, बऱ्याच गाड्यांना दर २ वर्षांनी, ऑइल सरळ बदलून टाका. पेनचे पैसे ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा घेण्यात घाला, कारण उघडा पडलेला डबा हवेतलं पाणी ओढतच असतो. बदलताना रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, रंग उतरवतं ते.

कूलंटसाठी (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी-ग्लायकॉलचं मिश्रण) रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे त्यातलं ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारी छोटी दुर्बीण, मात्र मस्त. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून डोळा लावायचा, निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथं आहे तो आकडा. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर गोठायचं तापमान उणे ३७ अंशांच्या आसपास दिसतं, रेघ शून्याकडे सरकलीये म्हणजे कुणीतरी नुसतं पाणी ओतत आलंय. थंडी पडत नसलेल्या ठिकाणीही याचा उपयोग आहेच, ग्लायकॉल कमी म्हणजे गंज थांबवणारी द्रव्यंही पातळ झालेली आणि उकळायचं तापमानही खाली आलेलं. वापरण्याआधी शुद्ध पाण्याच्या थेंबानं रेघ शून्यावर आणून घ्यायची, छोटा स्क्रू त्यासाठीच दिलेला असतो. प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं कूलंट असेल तर त्याची पट्टी वेगळी वाचायची. गंज थांबवणारी द्रव्यं किती शिल्लक आहेत ते यात दिसत नाही, त्यासाठी कागदाच्या टेस्ट स्ट्रिप येतात, त्या घ्या. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडायचं, थेंब काढायची घाई असली तरी, आत दाबाखाली उकळतं पाणी असतं.

आणि यातलं काहीही मोजायला गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. सपाट, कडक जमीन, हँडब्रेक, जमिनीवर टेकलेल्या चाकांना ठोकळे, पुस्तकात दाखवलेल्या जागेवर जॅक स्टँड, मग गाडी दोन्ही हातांनी नीट ढकलून बघायची, हलली नाही तरच आत. जॅक स्टँड घेताना त्यावरचा टनांचा आकडा वाचा, तो एका स्टँडचा आहे का जोडीचा हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बरेचदा जोडीचा असतो.